शिरोलीच्या फॉर्मपासून बॉनच्या अजेंड्यापर्यंत

ऑक्टोबर २०२४ मध्ये शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंडी ओतकामाच्या कारखान्याच्या, ऑफिसात मालकांनी माझ्यासमोर एक एक्सेल शीट उघडली. ती त्यांच्या जर्मन गिऱ्हाइकाने पाठवली होती आणि एक टन कास्टिंगमागे किती कार्बन हवेत जातो, अशी विचारणा तिच्यात होती. मी गेली चौदा वर्षे कोल्हापूर परिसरातील कारखान्यांचे ऊर्जा लेखापरीक्षण करते, त्यामुळे हिशेब अवघड नव्हता. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते आणि आपल्या ग्रिडवरील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे नुसत्या वितळवण्याचेच चारशे किलोंच्या वर झाले. मालकांनी आकडा पाहिला आणि विचारले, "ते ठीक आहे ताई, पण हे आम्हाला विचारायचं ठरवलं कुणी?"

कागदावरचे उत्तर मला ठाऊक होते. युरोपीय संघाची कार्बन सीमा समायोजन यंत्रणा, म्हणजे सीबॅम, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आहे. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज या मालाच्या आयातीवर २०२५ अखेरपर्यंत फक्त माहिती द्यावी लागत होती आणि १ जानेवारी २०२६ पासूनच्या आयातीवर कार्बनचा दामही मोजावा लागतो. आपल्याकडील सगळ्याच कास्टिंग्ज त्या यादीत बसतात असे नाही, परंतु गिऱ्हाईक फॉर्म सरसकट सगळ्यांना पाठवतो. मात्र मालकांचा प्रश्न यापुढचा होता. जगातील देश एकत्र बसून हे ठरवतात का, ठरवत असतील तर कोठे, आणि आपल्या बाजूचे कोणी तेथे बोलते का? त्याचे उत्तर शोधायला मी जून २०२५ मध्ये जर्मनीतील बॉन येथे निरीक्षक म्हणून जाऊन आले. जाण्यापूर्वी मराठीत याविषयी काही सापडेल म्हणून बराच शोध घेतला, हाती फारसे लागले नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हवामानबदलावरील आराखडा करार १९९२ चा. दर वर्षाअखेरीस होणारी मोठी परिषद, म्हणजे 'कॉप', वर्तमानपत्रांतून सर्वांना माहीत असते. परंतु तिच्या आधी दर जूनमध्ये कराराच्या दोन सहायक मंडळांची बैठक बॉनला होते, कारण कराराचे सचिवालय १९९६ पासून त्याच गावात आहे. मंत्री, पंतप्रधान, फोटो असा कॉपचा थाट तेथे नसतो. अधिकारी मसुद्यांवर घासाघीस करतात. कॉपला जाण्याची हौस असलेल्यांनी आधी बॉन पाहावे, असे माझे मत झाले आहे. खर्च कमी, गर्दी कमी आणि कामकाज जवळून दिसते.

व्यक्ती म्हणून तेथे नाव नोंदवता येत नाही, ही पहिली अडचण. सचिवालयाने निरीक्षक म्हणून मान्यता दिलेल्या संस्थेनेच आपले नाव पाठवावे लागते आणि प्रत्येक संस्थेला ठराविकच जागा मिळतात. अशा संस्थांचे नऊ गट आहेत: उद्योग, पर्यावरण संस्था, शेतकरी, आदिवासी समूह, स्थानिक स्वराज्य संस्था, संशोधन संस्था, कामगार संघटना, महिला आणि युवक. मी ज्यांच्यासाठी अधूनमधून काम करते त्या पुण्यातील एका अभ्याससंस्थेला मान्यता होती. फेब्रुवारीत मी त्यांना पत्र लिहिले, त्यात फाउंड्रीचा किस्सा घातला आणि परत आल्यावर मराठीत टिपण देण्याचे कबूल केले. मार्चअखेर होकार आला.

४ एप्रिलला संस्थेने ऑनलाइन प्रणालीत माझे नाव भरले आणि तेथेच घोळ झाला. माझ्या पासपोर्टवर 'दिलेले नाव' या रकान्यात माझे आणि वडिलांचे अशी दोन नावे एकत्र आहेत. आपल्याकडील बहुतेकांची हीच गत असते. संस्थेने मात्र फक्त माझे नाव आणि आडनाव भरले. पुष्टीचे पत्र त्याच नावाने आले, आणि व्हिसा केंद्राच्या सूचनांत तर आमंत्रणावरील नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळले पाहिजे असे लिहिलेले. दुरुस्तीचा ईमेल, त्याला स्वयंचलित पोच, पुन्हा आठवण, मधे शनिवार-रविवार असे करत सुधारित पत्र २२ एप्रिलला हाती पडले. अठरा दिवस एका नावापायी गेले. तेव्हा नाव देताना संस्थेला पासपोर्टच्या पानाचा फोटोच पाठवावा आणि "यात दिसते तसेच, रकान्यानुसार भरा" असे स्पष्ट लिहावे.

व्हिसाची भेटीची वेळ ही त्याहून मोठी डोकेदुखी. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण माझ्यासारख्यांच्या हातात पत्रच उशिरा पडते आणि एप्रिल-मेमध्ये सहलीला जाणाऱ्यांनी सगळ्या वेळा आधीच अडवलेल्या असतात. पुण्यातील केंद्रावर दिवसा पाहिले की सगळे लाल. आठवडाभर पहाटे साडेपाचला उठून पाहिल्यावर एके दिवशी १३ मेची सकाळी साडेनऊची वेळ मोकळी दिसली. कोणीतरी रद्द केलेली असावी. आदल्या रात्री दोनच्या एसटीने निघाले. बरोबर तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, बँकेचे खाते-उतारे, व्यवसायाचे उद्यम प्रमाणपत्र, राहण्याचे आरक्षण, किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमा आणि ते बहुचर्चित पत्र. काउंटरवरील मुलीने सगळे नीट पाहिले आणि फोटोतील पार्श्वभूमी "ऑफ-व्हाइट" असल्याचे सांगून तळमजल्यावरून नवे फोटो काढून आणायला लावले. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांना आपण परत येणार हे कागदांनी पटवावे लागते. नोकरदारांना रजेचे पत्र पुरते, आम्हाला पुढच्या कामांच्या ऑर्डरी जोडाव्या लागतात. मी जुलैतील दोन कारखान्यांची कार्यादेश-पत्रे जोडली होती आणि ती उपयोगी पडली असावीत. पासपोर्ट मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जाऊन २ जूनला कुरियरने घरी आला. ते वीस दिवस मी रोज दुपारी कुरियरवाल्याच्या गाडीचा आवाज ऐकत होते.

खर्चाचे आकडे येथेच सांगते. सेवाशुल्क, विमा, फोटो आणि पुण्याच्या फेऱ्या मिळून ११,३०० रुपये. विमानाचे येण्याजाण्याचे तिकीट ५८,४०० रुपये, जे संस्थेने दिले. बारा रात्रींचे राहणे ५०४ युरो आणि खाणे, ट्राम, रेल्वे मिळून २६० युरो. तेव्हा एका युरोला शंभराच्या आसपास रुपये पडत होते. बॉनमध्ये त्या पंधरवड्यात खोल्या महाग होतात, म्हणून मी शेजारच्या झीगबुर्गमध्ये एका घरातील खोली घेतली होती. फ्रँकफुर्ट विमानतळावरून वेगवान रेल्वेने थेट झीगबुर्गला उतरता येते आणि तेथून ६६ क्रमांकाची ट्राम परिषद-केंद्राजवळच्या हॉयसआले थांब्यावर नेते. रोजचा पाऊण तास जात असे, पण मसुदे वाचायला तोच वेळ मिळाला.

निघण्याच्या तोंडावर मन थाऱ्यावर नव्हते. १२ जूनला अहमदाबादची विमान दुर्घटना झाली आणि १३ जूनला इस्राएलने इराणवर हल्ले केले. त्याच रात्री मी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला निघाले. स्टेशनवर सोडायला आलेल्या सासूबाईंनी डबा हातात देताना विचारले, "अगं, ही मीटिंग मोबाइलवर होत नाही का?" प्रश्न अगदी रास्त होता. मोठ्या सभा मोबाइलवर दिसतात, पण खरी घासाघीस होते त्या खोल्यांचे प्रक्षेपण नसते, हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते पटल्यासारखे दिसले नाही. विमान इराण-इराकचे आकाश टाळून लांबच्या वाटेने गेले. डब्याविषयी एक सूचना: युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तूप आणि पेढे घरीच ठेवावेत. कांदा-लसूण चटणी, मेतकूट, भाजणी आणि गुळाचा खडा यांना कोणी हरकत घेतली नाही.

१५ जूनला, रविवारी दुपारी, पासपोर्ट आणि पत्र दाखवून ओळखपत्र घेतले. हे रविवारीच उरकावे. सोमवारी सकाळी तेथे लांबलचक रांग होती.

सोमवार, १६ जून. सकाळी दहाला उद्घाटनाची सभा होती. मी नऊला जाऊन बसले. सभा पुढे ढकलली गेली, मग पुन्हा ढकलली गेली. पडद्यावर वेळ बदलत राहिली आणि प्रतिनिधी कोपऱ्याकोपऱ्यांत घोळके करून उभे राहिले. काय चालले आहे ते संध्याकाळपर्यंत मला कळले नाही, आणि कळले तेव्हा मी अक्षरशः ताठ बसले. बोलिव्हियाने समविचारी विकसनशील देशांच्या वतीने, ज्यांत भारतही आहे, विषयपत्रिकेत दोन नवे विषय मागितले होते. पहिला, पॅरिस कराराच्या कलम ९.१ ची अंमलबजावणी, म्हणजे श्रीमंत देशांनी विकसनशील देशांना पैसा देण्याचे बंधन. दुसरा, हवामानाच्या नावाने एकतर्फी लादलेले व्यापार-निर्बंध. म्हणजेच शिरोलीतील ती एक्सेल शीट! युरोपसह विकसित देशांना हे विषय स्वतंत्रपणे नको होते. विषयपत्रिका मंजूर झाल्याशिवाय कामकाज सुरू होत नाही, आणि येथे मतदान नसते. सर्वांची संमती लागते. सोमवार गेला, मंगळवारही जवळजवळ गेला.

मंगळवारी संध्याकाळी तोडगा निघाला. कलम ९.१ वर अध्यक्षांनी स्वतंत्र विचारविनिमय घ्यावा आणि व्यापाराचा मुद्दा आधीपासून असलेल्या विषयांमध्ये बोलला जावा, असे ठरले. युगांडाचे अडोनिया अयेबारे आणि ऑस्ट्रेलियाच्या जुलिया गार्डिनर हे दोघे त्या मंडळांचे अध्यक्ष होते. दोन दिवसांच्या खोळंब्याला नावे ठेवणारे तेथे पुष्कळ भेटले. मला मात्र तो वेळ वाया गेला असे वाटत नाही. ज्या गोष्टीसाठी मी आले होते ती विषयपत्रिकेत घ्यावी की नाही, यावरच दोनशेच्या जवळपास देशांचे अधिकारी अडून बसले होते, आणि पैशाच्या प्रश्नाची धार समजायला याहून चांगला धडा नव्हता. आदल्या नोव्हेंबरात बाकू येथील कॉपमध्ये विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरच्या हवामान-निधीचे उद्दिष्ट ठरले तेव्हा भारताने सभेतच हरकत घेतली होती. तो राग बॉनपर्यंत आलेला दिसत होता. अमेरिकेचे शिष्टमंडळ तर आलेच नव्हते.

बुधवारपासून खरा दिनक्रम लागला. सकाळी संशोधन संस्थांच्या गटाची छोटी बैठक, मग दिवसभर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. खोल्यांना नैरोबी, बर्लिन अशी नावे आहेत, त्यामुळे "मी नैरोबीत आहे, तू बर्लिनला ये" असे निरोप चालतात. कामकाजाचे प्रकार मात्र समजून घ्यावे लागतात. मोठी सभा आणि संपर्क गट यांत निरीक्षकांना बसता येते. अनौपचारिक विचारविनिमयात बहुधा बसू देतात. पण "इन्फॉर्मल-इन्फॉर्मल" जाहीर झाले की निरीक्षकांनी आपली वही मिटून बाहेर जायचे असते. पहिल्यांदा असे उठावे लागले तेव्हा थोडा अपमान वाटला. तिसऱ्यांदा मी त्याच वेळेत जेवून घेतले.

मी दोनच विषय धरून ठेवले: न्याय्य स्थित्यंतर, म्हणजे ऊर्जा बदलताना कामगार आणि गावे यांचे काय होते, आणि 'रिस्पॉन्स मेजर्स', म्हणजे एका देशाच्या हवामान धोरणाचा दुसऱ्याला बसणारा फटका. नवख्याने दोनपेक्षा जास्त विषय धरू नयेत. माझ्याबरोबरच्या एका मुलीने अनुकूलनाच्या, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या, निर्देशकांचा विषय घेतला होता. तज्ज्ञांची ४९० निर्देशकांची यादी शंभरावर कशी आणायची, हा तेथील वाद. ती रोज संध्याकाळी डोके धरून बसायची. दुसरी गोष्ट म्हणजे सकाळी ट्राममध्ये 'अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन' वाचावे. आदल्या दिवशी कोणत्या खोलीत काय झाले ते त्यात नेमके असते आणि आपण हजर असूनही न समजलेले निम्मे त्यातून समजते.

एक दुपार सांगते. बर्लिन खोलीत पडद्यावर मसुद्याचा एक परिच्छेद होता. ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकटी कंसात घालतात. त्या परिच्छेदात कंसाबाहेर 'आणि' वगैरेच उरले होते. व्यापार-निर्बंधांबाबत "चिंतेसह नोंद घेतली जात आहे" म्हणायचे की नुसती "नोंद घेतली जात आहे", यावर चाळीस मिनिटे गेली. माझ्या शेजारी बसलेले निवृत्त प्राध्यापक ही मजा तीस वर्षे पाहत आले होते. त्यांनी २०१५ च्या पॅरिसची गोष्ट कानात सांगितली: शेवटच्या मसुद्यात श्रीमंत देशांच्या उत्सर्जनकपातीबाबत एके ठिकाणी 'शॅल' पडले होते, अमेरिकेने तेथे 'शुड' हवे म्हणून सगळे थांबवले आणि अखेर छपाईतील दुरुस्ती म्हणून तो शब्द बदलला गेला. 'करतील' आणि 'करावे' यांतील फरक आपल्याला सरकारी परिपत्रकांवरून ठाऊक असतोच. त्या दुपारी 'चिंतेसह' शेवटी कंसातच राहिले. मी प्राध्यापकांना गुळाचा खडा दिला. त्यांनी तो कॉफीत घातला, आणि मी काही बोलले नाही.

निरीक्षकांना बोलायला वेळ मिळतो तो गटाच्या वतीने, दोन मिनिटे, आणि तोही देशांचे बोलून झाल्यावर उरला तर. आमच्या गटाच्या निवेदनात एक वाक्य माझे घेतले गेले: छोट्या पुरवठादारांना कार्बनचा हिशेब ठेवायला लागणारे मनुष्यबळ आणि पैसा कोण देणार, हे मसुद्यात असावे. ते मोठ्याने वाचायची पाळी आमच्या गटाच्या समन्वयकाची होती. वेळ संपत आल्याने त्याने ते वाक्य भरभर उरकले. लेखी निवेदनात ते आहे.

काही व्यावहारिक गोष्टी. गुरुवार, १९ जूनला त्या राज्यात कॉर्पस क्रिस्टीची सार्वजनिक सुटी होती. परिषद चालू, पण गावातील सगळी दुकाने बंद. रविवारीही तेच. मी दोन्ही वेळा भाजणीचे थालीपीठ लावले. पाण्याची बाटली भरून मिळते, आणि विकतची बाटली परत केली की २५ सेंट परत मिळतात. पायात रोजच्या सवयीचेच घालावे, दिवसाला आठ-नऊ किलोमीटर चालणे होते. त्याच आठवड्यात मिलानमधील फॅशन शोमधल्या कोल्हापुरी चपलांची बातमी आली आणि घरून येणाऱ्या फोनवर वाटाघाटींविषयी कोणी विचारीनासे झाले. २३ जूनला आखाती देशांनी आकाश बंद केल्याची बातमी आली तेव्हा मात्र आखातातून जाणारे स्वस्त तिकीट न घेतल्याबद्दल मी स्वतःचीच पाठ थोपटली.

२६ जूनला समारोपाची सभा रात्रीपर्यंत चालली. न्याय्य स्थित्यंतराचे टिपण पुढच्या चर्चेसाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमधील बेलेंला झालेल्या कॉपकडे गेले आणि एकतर्फी व्यापार-निर्बंधांचे शब्दही पर्यायांच्या रूपात त्याच वाटेने गेले. निर्णय काहीच झाला नाही. बॉनला बहुधा होत नाही. तेथे नोव्हेंबरात कशावर भांडायचे ते नक्की होते. शेवटच्या दोन दिवसांत झोप कमी पडते, म्हणून परतीचे विमान २७ च्या संध्याकाळचे ठेवले होते, आणि तसेच ठेवावे.

५ जुलैला शिरोलीत पंधरा-सोळा फाउंड्रीवाल्यांसमोर मी सगळे सांगितले. तुमचा फॉर्म युरोपीय संघाने त्यांच्या कायद्याने काढला, जगाने मिळून नव्हे. आपल्या बाजूने तेथे बोलले गेले, त्यासाठी दोन दिवस परिषद अडली आणि सध्या तो विषय कंसात आहे. सीबॅमचा दाम लोखंड-पोलादाच्या बाबतीत थेट उत्सर्जनावरच लावायचा आहे, विजेच्या उत्सर्जनावर नाही, हेही सांगितले. ते ऐकून खोलीतील खुर्च्या जरा सैल झाल्या. मालकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजे आता फॉर्म भरायचा का न्हाई, तेवढं सांगा ताई."

भरायचा, असे मी म्हणाले. गिऱ्हाईक वीज विचारतेच. मग त्यांचे जूनचे बिल आणि उत्पादनाचा रजिस्टर काढून आम्ही तेथेच भागाकार केला. टनाला ६६१ युनिट आले. गेल्या ऑक्टोबरात ते ६०० होते. मी फर्नेसवरच्या कामगाराला बोलावून विचारले. तो मालकांकडे पाहत म्हणाला, "झाकण मोडलंय न्हवं मार्चपासनं. उघडंच चाललंय."